बटण दाबलं, पण अर्ज कुठे गेला?

सदर : कळफलक

गेल्या वर्षीची गोष्ट. गणपतीत मंडळाच्या आरतीनंतर मी प्रसाद वाटायला उभी होते. मोदक घेता घेता एक काकू हळूच म्हणाल्या, "अगं, शिक्षण मदतीची यादी लागली ना? आमच्या मुलीचं नाव काही दिसलं नाही त्यात. टक्के कमी पडले का?"

मी बाजूला होऊन फोनवर यादी उघडली. निवड झालेल्यांत नाव नव्हतं. नाकारलेल्यांत नव्हतं. आलेल्या अर्जांच्या यादीतसुद्धा नव्हतं.

"काकू, अर्ज भरला होता ना?"

"भरला म्हणजे काय! तुम्ही मेल पाठवला होता, त्यातच तर फॉर्म होता. मुलीनं आणि मी मिळून सगळं भरलं. टक्के, कॉलेजचं नाव, फीचा आकडा. आणि खालचं बटण दाबलं."

"मग काय झालं?"

"काही नाही झालं. म्हटलं, गेला असेल."

तो फॉर्म मी बनवला होता. 'मेलमध्येच फॉर्म' ही कल्पनाही माझीच. तेव्हापासून या विषयावर लिहायचं मनात होतं. आपल्यापैकी कितीतरी जण आता कुठल्या ना कुठल्या मंडळाचं, सोसायटीचं, शाळेच्या पालक गटाचं काम बघतात आणि "तू कॉम्प्युटरवालं आहेस ना, मग फॉर्म तूच पाठव" हे वाक्य ऐकतात. त्यांना माझी चूक उपयोगी पडावी.

पावतीचा तुकडा

आधी अर्ज कागदावर असायचे. दांडिया बाजारातून झेरॉक्सचा गठ्ठा आणायचा, मंडळाच्या टेबलावर ठेवायचा. भरलेला अर्ज आणून दिला की कार्यालयातले काका रजिस्टरमध्ये नोंद करायचे, अर्जाचा खालचा तुकडा पट्टीनं फाडायचे, त्यावर सही-शिक्का मारायचे आणि तो परत द्यायचे. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटायची. एवढ्याशा कामाला केवढा थाट!

मग मुलं पुण्याला, बंगळुरूला शिकायला गेली. आईवडील बडोद्यात, कागदपत्रं तिकडे. कागदी अर्ज जड जाऊ लागला. मी म्हटलं, मेलच पाठवू. लिंक पाठवली तर ज्येष्ठ मंडळी ती उघडायला घाबरतात, म्हणून चौकटी मेलच्या आतच देऊ. मेल उघडायचा, भरायचा, बटण दाबायचं. दुसरीकडे कुठे जायलाच नको.

वेबपेजवर फॉर्म जसा लिहितात तसाच मी एचटीएमएलमध्ये लिहिला आणि छोट्या प्रोग्रॅमनं सगळ्या घरांना पाठवला. आधी माझ्या फोनवर करून पाहिला, सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर पाहिला. दोन्हीकडे चालला. पहिल्याच संध्याकाळी धडाधड अर्ज येऊ लागले आणि माझी कॉलर ताठ झाली.

त्या धडाधडीत एक गोष्ट मी विसरले. ज्यांचे अर्ज आले ते मला दिसत होते. ज्यांचे आले नाहीत, ते मला दिसण्याचा काही मार्गच नव्हता. काकांच्या त्या फाडलेल्या तुकड्याचं काम काय होतं, ते मला गणपतीत कळलं.

मेलमधल्या चौकटी मरतात का?

ईमेल मुळात निव्वळ मजकुरासाठी होता. पत्रासारखा. चित्रं, जोडपत्रं, वेगवेगळ्या लिप्या हे सगळं मेलमधून नीट जावं म्हणून 'माइम' नावाचे नियम १९९२ मध्ये ठरले. त्यातूनच पुढे मेलच्या आत वेबपेजसारखा रंगीत मजकूर पाठवता येऊ लागला. वेबपेजच्या भाषेत, म्हणजे एचटीएमएलमध्ये, फॉर्मच्या चौकटी १९९५ पर्यंत रीतसर आल्या होत्या. मग साहजिक प्रश्न आला. वेबपेजमध्ये फॉर्म चालतो, मेलमध्ये वेबपेज चालतं, मग मेलमध्ये फॉर्म का नाही?

कागदावर उत्तर 'चालतो' असं आहे. प्रत्यक्षात मेल दाखवणारा प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःचा निर्णय घेतो. विंडोजवरच्या आउटलुकचं घ्या. २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवण्याचं काम त्यात वर्डच्या यंत्रणेकडे गेलं. वर्ड हा कागदपत्रं मांडणारा प्रोग्रॅम, त्यामुळे वेबफॉर्मच्या चौकटी आणि बटणं त्याच्या हिशोबात बसत नाहीत. दुसरे काही प्रोग्रॅम फॉर्मचा भाग सरळ काढून टाकतात. काही जण चौकटी दाखवतात, पण बटण दाबल्यावर "तुम्ही माहिती बाहेर पाठवत आहात" अशी सूचना देतात. आणि सगळ्यांत वाईट प्रकार तो, जिथे चौकटी दिसतात, लिहिताही येतं, पण बटणाला जीव नसतो. काकूंच्या फोनवर नेमकं हेच झालं.

हा आळस किंवा खोडसाळपणा नाही, त्यामागे कारण आहे. ब्राउझरमध्ये तुम्ही कुठल्या साइटवर आहात हे वरच्या पट्टीत दिसतं. मेलमध्ये अशी पट्टी नसते. चौकटीत लिहिलेलं कुठल्या सर्व्हरवर जाणार हे वाचणाऱ्याला कळायची सोयच नाही. शिवाय मेल कुणीही, न विचारता, कुणाच्याही नावानं पाठवू शकतो. आता कल्पना करा, बँकेच्या नावाचा मेल आला आहे, वर हुबेहूब बोधचिन्ह आहे आणि मधोमध पासवर्डची चौकट. ती चौकट चालू ठेवणं म्हणजे दाराबाहेर कुणीही आपली दानपेटी ठेवून जावी आणि आपण त्यात पैसे टाकत राहावं.

त्यात मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा किडा जगभर पसरला. प्रेमपत्र म्हणून मेलला जोडलेली फाइल उघडली की तो आउटलुकमधल्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवायचा. त्यानंतर मेलच्या आत किंवा मेलबरोबर येणारी, आपोआप काहीतरी करणारी कुठलीही गोष्ट संशयास्पद ठरली. माझ्या निरुपद्रवी फॉर्मला त्याच संशयाचा फटका बसला, आणि तो संशय बरोबरच आहे.

ऑफिसात मात्र चालायचा

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "आमच्या ऑफिसात तर रजेचा अर्ज मेलमध्येच उघडतो!" खरं आहे. माझ्या पहिल्या नोकरीतही उघडायचा. पण त्याची जातकुळी वेगळी.

आउटलुकमध्ये ९७ च्या आवृत्तीपासून आपल्याला हवा तसा फॉर्म बनवायची सोय आहे. साध्या संदेशाच्या खिडकीत नव्या चौकटी, याद्या, खुणा करायच्या जागा टाकायच्या आणि तो फॉर्म कंपनीच्या एक्सचेंज सर्व्हरवरच्या फॉर्म-संग्रहात प्रसिद्ध करायचा. पुढची खुबी अशी की, अर्ज पाठवताना तो पूर्ण फॉर्म प्रवास करत नाही. मेलबरोबर फक्त भरलेली माहिती आणि फॉर्मचं नाव जातं. समोरच्याचं आउटलुक ते नाव वाचतं, संग्रहातून तोच फॉर्म काढतं आणि त्यात माहिती बसवून दाखवतं.

दुकानाच्या छापील बिलबुकासारखं समजा. दोन्ही शाखांकडे तेच बिलबुक असेल तर फोनवरून नुसते आकडे सांगितले तरी पुरतं. समोर बिलबुकच नसेल तर नुसते आकडे ऐकून कुणाला काय कळणार? म्हणून हा फॉर्म कंपनीबाहेर गेला की साधा मेल होऊन बसतो. कधीकधी तर बाहेरच्या माणसाला 'विनमेल डॉट डॅट' नावाची एक फाइल मिळते, जी त्याच्याकडे उघडत नाही. आउटलुकची 'हो, नाही, सांगता येत नाही' अशी मतदानाची बटणंही याच घरातली. कंपनीच्या आत उत्तम, बाहेर बेभरवशाची.

मधल्या काळात आणखी प्रयत्न झाले. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस २००७ मध्ये मेलनं माहिती गोळा करायची सोय होती. मेलला आधी 'रिप्लाय' करायचा, मग त्या उत्तराच्या आत चौकटी भरायच्या, आणि आलेलं उत्तर थेट तक्त्यात जाऊन बसायचं. कल्पना छान होती, पण ॲक्सेस २०१३ मध्ये ती काढून टाकली. फॉर्मसाठीच बनवलेल्या इन्फोपाथचीही २०१३ ची आवृत्ती शेवटची ठरली.

मग गूगलनं २०१८ मध्ये मेलसाठी 'एएमपी' जाहीर केलं आणि २०१९ मध्ये ते जीमेलमध्ये सगळ्यांसाठी आलं. यात मेलच्या आत खरोखर चालणारा फॉर्म देता येतो. गूगल डॉक्समधल्या शेऱ्याला तुम्ही जीमेलमधूनच उत्तर देता, तेव्हा हीच युक्ती कामाला असते. पण मंडळासाठी ती झेपणारी नाही. पाठवणाऱ्यानं आधी गूगलकडे नोंदणी करायची, आपल्या डोमेनची सत्यता पटवणाऱ्या तीन-तीन व्यवस्था लावायच्या, आणि ज्यांच्याकडे हे चालत नाही त्यांच्यासाठी साधा मेलही सोबत द्यायचा. मेल पुढे पाठवला की आतला जिवंत फॉर्म गळून पडतो. वडिलांना आलेला मेल त्यांनी पुण्यातल्या मुलाला फॉरवर्ड केला की त्याला फॉर्मच दिसणार नाही. आणि आपल्याकडे तर फॉरवर्ड केल्याशिवाय कुठलाच मेल पुढे सरकत नाही! मायक्रोसॉफ्टनंही आउटलुकच्या वेब आवृत्तीत हा प्रयोग करून २०२० मध्ये थांबवला.

थोडक्यात, पंचवीस-तीस वर्षं हुशार माणसं 'मेलमध्ये फॉर्म' या गोष्टीच्या मागे आहेत, आणि सगळ्यांकडे सारखा चालेल असा मार्ग अजून नाही. मी तो एका रविवारी दुपारी शोधायला निघाले होते.

गूगल फॉर्म्स आणि त्यातले खाचखळगे

"मग गूगल फॉर्म वापरायचा ना," असं तुम्ही म्हणाल. बरोबर. आता आम्हीही तेच करतो. २००८ मध्ये गूगलच्या स्प्रेडशीटला जोडून ही सोय आली, आणि उत्तरं थेट तक्त्यात पडतात हा तिचा मोठा गुण. फॉर्म मेलनं पाठवताना 'इन्क्लूड फॉर्म इन ईमेल' अशी खूणही करता येते. मग जीमेलमध्ये प्रश्न मेलच्या आत दिसू शकतात. पण त्यावर विसंबू नका. मेलच्या आत नाहीच चालला तर वाचणाऱ्याला लिंकवरूनच फॉर्म उघडावा लागतो, म्हणून लिंक ठळक, वेगळ्या ओळीत हवीच.

बाकीचे खड्डे आम्ही एकेक करून शोधले, म्हणजे त्यात पडून.

पहिला खड्डा : एका माणसानं एकदाच भरावं, अशी खूण केली की भरणाऱ्याला गूगलमध्ये साइन-इन करावं लागतं. ऐकायला शिस्तशीर वाटतं. पण एका घरात एकच फोन, एकच खातं आणि दोन मुलं असतील तर दुसऱ्या मुलाचा अर्ज जाणारच नाही. मदतीची गरज असलेल्या घरांत नेमकं हेच चित्र असतं. दुबार अर्ज आले तर तक्त्यात आपण काढू. एक अर्ज न येण्यापेक्षा ते परवडलं.

दुसरा खड्डा : फाइल जोडायला सांगितली तरी साइन-इन लागतं. म्हणून पहिल्या फेरीत आम्ही गुणपत्रिका मागतच नाही. आधी माहिती, निवडीच्या टप्प्यावर कागदपत्रं.

तिसरा खड्डा : उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दाखवायची एक खूण असते. सहलीला कोण कोण येणार, यासाठी ती मजेची. शिक्षण मदतीच्या अर्जात ती चालू राहिली तर घराघराचं उत्पन्न शेजाऱ्यांना वाचायला मिळेल. गरज असताना मदत मागायला आपल्या माणसांना आधीच जड जातं. त्यांची लाज राखणं हे फॉर्म बनवणाऱ्याचं काम आहे.

चौथा खड्डा : भरून झाल्यावर उत्तर बदलायची परवानगी दिली असेल तर पोच म्हणून आलेल्या मेलमध्ये बदलाची लिंक असते. तो मेल कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला की कुणीही अर्ज बदलू शकतं. म्हणून तो मेल स्वतःपुरता ठेवा, असं एक वाक्य फॉर्ममध्येच लिहा.

पाचवा खड्डा : मोबाइल नंबरच्या चौकटीला दहा अंकांची अट घातली नाही तर कुणी मधे रेघ देतं, कुणी आधी शून्य, कुणी दोन नंबर लिहितं. मग निवड झाल्यावर फोन करायला बसलात की कळतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, मागायचं काय? आधार क्रमांक, बँक खातं, जन्मदाखला हे सगळं 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून मागायची आपल्याला सवय आहे. आमच्या जुन्या कागदी अर्जात तर वडिलांचा रक्तगटही होता. का, ते कुणालाच आठवत नव्हतं. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा हिशोब आहे. जी माहिती आपण घेतलीच नाही ती आपल्याकडून फुटू शकत नाही. बँक खातं फक्त निवड झालेल्यांकडून, तेही फोन करून. आणि पासवर्ड किंवा ओटीपी कुठलाही खरा फॉर्म कधीच मागत नाही. घरच्या ज्येष्ठांना हे पुन्हा पुन्हा सांगा. मेलमध्येच चौकट असेल आणि ती पैशाबद्दल किंवा खात्याबद्दल काही विचारत असेल तर भरायचं नाही, आधी आपल्या माणसाला फोन करायचा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची.

आम्ही आता काय करतो

एक. मेल साधा. वर चार ओळींत काय, कुणासाठी, शेवटची तारीख काय. मग लिंक. खाली मंडळातल्या माणसाचा फोन नंबर. मेल सगळ्यांना 'बीसीसी'मध्ये, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातो, हेही लक्षात ठेवायचं.

दोन. ज्यांना लिंक नको त्यांच्यासाठी त्याच मेलच्या तळाशी सात प्रश्न साध्या ओळींत लिहिलेले असतात. 'रिप्लाय' दाबायचं, प्रत्येक ओळीपुढे उत्तर लिहायचं, पाठवायचं. दिसायला हे फारच मागासलेलं वाटतं. पण मेलमध्ये भरायचा एकच फॉर्म सगळ्या फोनवर, सगळ्या प्रोग्रॅममध्ये, सगळ्या वयात चालतो, आणि तो म्हणजे उत्तर. ती उत्तरं तक्त्यात हातानं भरावी लागतात. आमच्या युवा विभागातली दोन मुलं आळीपाळीनं अर्ध्या तासात ते काम उरकतात.

तीन. पीडीएफचा भरता येणारा फॉर्म आम्ही करून पाहिला आणि सोडला. लॅपटॉपवर तो चांगला चालतो. फोनवर बरेच जण तो नुसता पाहायच्या खिडकीत उघडतात, भरतात, आणि जतन न होता कोराच परत पाठवतात. असे कोरे अर्ज आल्यावर माणसांना पुन्हा फोन करणं आलं.

चार. पोच. हे मी सगळ्यांत वर लिहायला हवं होतं. फॉर्म सबमिट झाला की पडद्यावर मराठीत मोठं वाक्य येतं : "तुमचा अर्ज मिळाला. हा संदेश दिसला नसेल तर अर्ज मिळालेला नाही, कृपया फोन करा." दुसरं वाक्य विचित्र वाटतं ना? ज्याला संदेशच दिसला नाही, तो हे वाचणार कसा? म्हणूनच ते वाक्य मूळ मेलमध्येही असतं, तारखेच्या अगदी खाली. शिवाय भरणाऱ्याला त्याच्या उत्तरांची प्रत मेलनं जाते. काकांचा फाडलेला तुकडा परत आला, एवढंच.

पाच. शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी, ज्यांच्याकडून काहीच आलं नाही अशा घरांची यादी काढतो आणि फोन करतो. मेल नाही, मेसेज नाही. फोन. "अर्ज करायचा नसेल तरी हरकत नाही, फक्त मेल मिळाला ना, एवढं विचारायला फोन केला." या वाक्यावर आजवर कुणी चिडलेलं नाही.

त्या यादीचं काय झालं

काकूंशी बोलणं झाल्यावर त्या रात्री मी सेक्रेटरींना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची बैठक झाली. खजिनदार म्हणाले, "तारीख ती तारीख. एकासाठी उघडलं तर सगळ्यांसाठी उघडावं लागेल." त्यांचं चुकीचं नव्हतं. त्यांच्या हातात पैसे होते आणि ते सगळे वाटून झाले होते. मी एवढंच म्हटलं, की त्यांनी उशीर केलेला नाही. त्यांनी वेळेत बटण दाबलं, आपलं बटण बंद होतं. तारीख चुकली ती आपली. मग खजिनदारच म्हणाले, "असं आहे तर मग एकट्या त्याच नसतील. आधी बाकीचे शोध."

मी दोन संध्याकाळ बसून, ज्यांच्याकडून उत्तर नव्हतं त्या एकेका घरी फोन केले. बहुतेकांना अर्ज करायचाच नव्हता. पण आणखी चार घरं अशी निघाली, ज्यांनी बटण दाबलं होतं आणि वाट पाहिली होती. त्यांच्यापैकी एकानंही आम्हाला विचारलं नव्हतं. एक बाई म्हणाल्या, "यादीत नाव नाही म्हणजे आपण बसत नसू, असं वाटलं. परत कुठे विचारायचं?" एका मुलानं तर आईला सांगितलंच नव्हतं की अर्ज भरलाय. आधी सांगायचं आणि मग नाही मिळालं तर, म्हणून.

माझा अजूनही थरकाप होतो तो याच गोष्टीचा. मशीन बंद पडलं की इंजिनिअरला दिसतं. सर्व्हर पडला तर रात्री दोनला फोन येतो. पण गरजू माणसाचा अर्ज हवेत विरला तर कुठलाच अलार्म वाजत नाही. तो माणूस 'आपलीच पात्रता नसेल' असं समजून गप्प बसतो. काकूंनी मोदक घेताना तोंड उघडलं म्हणून बाकीचे चार सापडले.

दुसरी यादी निघाली. त्यात पहिल्या यादीइतके पैसे नव्हते. काही सभासदांनी आपापल्या परीनं घातले, पण प्रत्येकी रक्कम कमीच बसली. काकूंच्या मुलीच्या पहिल्या सत्राची फी तोवर तिच्या मामांकडून उसनी घेऊन भरून झाली होती. आमच्या मदतीतून दुसऱ्या सत्राचं निभावलं. मामांचे पैसे ती सुट्टीत क्लासमध्ये शिकवून फेडते आहे. तिनं मला कधी काही म्हटलं नाही. मी एकदा माफी मागितली तर म्हणाली, "ताई, मलाही कळायला हवं होतं, बटण दाबल्यावर काही आलं नाही तर विचारायचं असतं." मी म्हटलं, नाही गं. ते तुला कळायला नको होतं. ते आम्ही सांगायला हवं होतं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, तुमच्यावर फॉर्म पाठवायची वेळ आली तर स्वतःच्या फोनवर चाचणी करून खूश होऊ नका. आपला फोन नवा असतो, आपलं खातं नीट असतं, आपल्याला लिंकची भीती नसते. आपल्या गटातला सगळ्यांत जुना फोन शोधा, सगळ्यांत कमी मेल उघडणारी व्यक्ती शोधा, आणि तिच्या शेजारी बसून, तिला काही न सांगता, ती काय करते ते बघा. दहा मिनिटांत जे कळेल ते मला तीन महिन्यांनी कळलं.

आणि तुम्ही फॉर्म भरणारे असाल तर, 'गेला असेल' असं समजू नका. पोच आली नाही तर विचारा. विचारायला लाजू नका. समोर बऱ्याचदा माझ्यासारखंच कुणीतरी बसलेलं असतं, ज्याला आपलं बटण बंद आहे हे माहीतच नसतं.

यंदाचा मेल तयार आहे. सगळ्यांना जाण्याआधी तो नेहमीप्रमाणे एकाच पत्त्यावर जाईल. काकूंचा फोन अजून तोच जुना आहे, आणि चाचणी पूर्ण झाली की त्या मला स्वतःहून फोन करून सांगतात : "आली गं पोच."